साडेबाराचा नाश्ता

मेश्राम सिस्टर दुपारी साडेबाराला नाश्ता करायच्या. उशिरा उठायच्या म्हणून नव्हे. पहाटे पाचला उठून, अंगण झाडून, वंदना करून आणि कोपऱ्यावरच्या नळावर दोघीतिघींना शिस्त लावून त्यांचा अर्धा दिवस उरकलेला असायचा. तोपर्यंत पोटात नुसता चहा. साडेबाराला मात्र ताटलीत पोहे, वर शेव, बाजूला दोन जिलब्या आणि समोर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. जबलपूरच्या आमच्या रांझी भागातली माणसं त्या वेळी वरण-भात जेवून कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला निघालेली असत. कुणी विचारलंच, तर सिस्टर म्हणायच्या, "तिकडे आता सात वाजले ना बाप्पा. सकाळी सातले जेवते का कोणी?"

तिकडे म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक मध्यम गाव. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण सिस्टर ते कधीच घेत नसत. त्या त्याला 'आपलं गाव' म्हणत. त्या गावाच्या रेडिओवर रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी दोन तास चर्चा चालायची. ताज्या बातम्या, त्यावर लोकांचे फोन, भांडणं, हसणं, मध्येच हवामान आणि कुठला रस्ता खोदलाय ते. मोबाइलवर हे सगळं रांझीत जसंच्या तसं ऐकू यायचं. मार्चच्या शेवटी त्या लोकांनी आपली घड्याळं तासभर पुढे केली की सिस्टरांचा नाश्ताही साडेअकरावर यायचा, आणि ऑक्टोबर संपताना पुन्हा साडेबारावर जायचा. एकदा फेब्रुवारीत त्यांनी ओसरीवरून मला हाक मारून सांगितलं, "सर, आपल्या गावात पाऊस सुरू झाला!" ते ऐकून समोरच्या तिवारीणबाई धावत गच्चीवर गेल्या आणि कडक उन्हात वाळत घातलेले पापड गोळा करून खाली आल्या. त्यानंतर महिनाभर त्या सिस्टरांशी बोलत नव्हत्या.

मी त्यांचा शेजारी. मधे फक्त एक भिंत, आणि तीही कंबरेएवढी. बत्तीस वर्षं मी हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अख्ख्या गल्लीत मी सर. त्या कारखान्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्या सिस्टर. आम्ही दोघंही घरात मराठी बोलणारे, आमचे वाडवडील दोघांचेही नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलेले. पण गल्लीत, दुकानात, बसमध्ये सगळीकडे हिंदी. मराठी उंबरठ्याच्या आत. सिस्टरांचे यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा राहुल शिकून इंग्लंडला गेला आणि तिथेच राहिला. त्याला मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत यायचं. सून दिल्लीची. त्यांचा मुलगा सम्यक तेव्हा सहा वर्षांचा, आणि त्याच्या घरात हिंदी आणि इंग्रजी.

एका सोमवारी सिस्टर भिंतीपाशी आल्या. चेहरा उतरलेला. मी पेपर खाली ठेवला.

"सर, मले नातवाशी बोलाचं आहे."

"मग बोला. काल रविवार होता, फोन नाही झाला का?"

"झाला ना. काय बोलू मी? शाळा कशी आहे विचारलं, गुड म्हणते. जेवला का विचारलं, तेही गुड. मग बाय आजी. असं दोन वर्षं चालून राहिलं. मी मेली तर त्या पोराले आठवाले काही राहणार नाई माझं."

मी माझ्या धंद्याला साजेसा सल्ला दिला. म्हटलं, रोज अर्धा तास या, तुम्हाला इंग्रजी बोलायला शिकवतो. सिस्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दवाखान्यात चुकीची गोळी लिहिणाऱ्या नव्या डॉक्टरांकडे त्या कशा पाहत असतील याची मला कल्पना आली. "भाषा मागून येते सर. आधी विषय लागते. तो ज्या गावात राहते, तिथं काय चालून राहिलं हेच मले माहीत नाई, तर मी बोलू कायवर? आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर?"

मग मी शोधाशोध करून त्यांच्या मोबाइलवर त्या गावचा रेडिओ लावून दिला. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत समजावून सांगायला बसलो, आणि पाच मिनिटांत घाम फुटला. एक अक्षर समजेना. बत्तीस वर्षं जे इंग्रजी मी फळ्यावर लिहिलं, त्याचा आणि ह्या लोकांच्या तोंडातल्या इंग्रजीचा दूरचाही संबंध नव्हता. शब्दांची शेपटं कापलेली, मधली अक्षरं गिळलेली. सिस्टर मात्र जिलबी खात शांतपणे ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही बाई खरं बोलून राहिली. तो माणूस टाळून राहिला. झगडा कचऱ्याचा आहे."

खरोखरच झगडा कचऱ्याचा होता. पूर्वी दर पंधरा दिवसांनी नेत, तो आता तीन आठवड्यांनी नेणार होते. मी चकित होऊन विचारलं, कसं ओळखलं? तर म्हणाल्या, "चौतीस वर्षं वॉर्डात काढले. मद्रासी पेशंट आला, बंगाली आला, नेपाळी आला. भाषा समजली नाई तरी दुखते कुठं ते समजते." बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, हा शब्द तेवढा त्यांनी पकडला होता, बाकी सगळं आवाजावरून. सुरुवातीचे काही महिने आमची कामाची वाटणी अशीच चालली. शब्द मी पकडायचे, अर्थ त्यांनी सांगायचा. माझा अहंकार दुखावला, पण पोहे चांगले असायचे.

सिस्टरांनी एक वही केली. त्या दिवशीचा विषय, दोन्ही बाजू कोण काय म्हणालं, आणि खाली त्यांचा स्वतःचा निकाल. मग पुढच्या रविवारी दुपारी फोनवर त्या एकदम म्हणाल्या, "सम्यक, तुमचा हिरवा डबा नेला का? का तसाच पडून आहे?" पोरगं दचकलं. तीन आठवड्यांत डबा भरून वाहत होता, माशा झाल्या होत्या, आणि हे जबलपूरच्या आजीला ठाऊक! तो बापाचा फोन घेऊन पळत मागच्या अंगणात गेला आणि त्यानं आजीला डबा उघडून आतून दाखवला. सिस्टर इतक्या खूष झाल्या की मला भिंतीवरून ओढून आणलं आणि तो कचरा मलाही पाहायला लावला.

त्याच दिवशी त्यांनी आपला करार जाहीर केला. "विषय त्याचा राहीन. भाषा माझी राहीन." म्हणजे त्या बोलणार त्याच्या गावावर, त्याच्या शाळेवर, त्याच्या रस्त्यावर. पण बोलणार मराठीत. सम्यक इंग्रजीत उत्तर द्यायचा, ते मी हळूच समजावून द्यायचो, आणि सिस्टर प्रत्येक उत्तरावर 'का' विचारायच्या, त्यांच्या बोलीत, "काहून?" त्याला डबा वास मारतो असं वाटतं, काहून? त्याला शाळेचं जेवण आवडत नाही, काहून? राहुल मधेच म्हणायचा, "आई, वो 'काहून' नहीं समझता." सिस्टर म्हणायच्या, "समजन."

आमच्या साडेबाराच्या बैठकीत त्या देशाचा एकही प्रश्न निकालात निघाल्याशिवाय राहिला नाही. तिथले पंतप्रधान भराभर बदलायला लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "नाईट ड्यूटीवर पण एवढी बदली होत नाई." युरोपातून बाहेर पडायचं की कसं यावर लोक रोज रडकुंडीला येऊन भांडत होते, तेव्हा त्यांचं मत असं, की फारकत घ्या, पण उद्या राहणार शेजारीच आहात, तर भांडी नीट वाटून घ्या. आणि तिथल्या नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या त्या दिवशी सिस्टर ओसरीवर पांढरी साडी नेसून बसल्या. जिलबी मागवली नाही. एक गृहस्थ फोनवर संपाविरुद्ध बोलायला लागले, तर मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याले रात्री तीन वाजता बेडपॅन लागू दे, मग समजन." सगळ्या विषयांवर त्यांचं मत होतं, आणि ते मत दुसऱ्या दिवशी बदलायची त्यांना अजिबात लाज नव्हती. मला ती होती. मी एकदा बोललेला शब्द न शब्द जपून ठेवणारा माणूस.

ह्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आधी, पहिल्याच हिवाळ्यात, ते बदकांचं प्रकरण झालं. एका सकाळी रेडिओवर तळ्यातल्या बदकांना पाव घालावा की नाही यावर जोरदार वाद पेटला. एक म्हातारे आजोबा म्हणत होते, मी साठ वर्षं घालतोय. एक डॉक्टरीण म्हणाली, पावानं बदकांचं पोट बिघडतं, त्यापेक्षा मटार घाला. सिस्टर ताठ बसल्या. सम्यक दर शनिवारी बापाबरोबर त्याच तळ्यावर पाव घेऊन जायचा आणि तिथल्या एका काळ्या बदकाला बाकीची खाऊ देत नसत, हे त्यांना माहीत होतं. आणि जानेवारीचा महिना होता. जबलपुरात जानेवारीत मटाराचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. हातगाड्या, पोती, ट्रक, दारादारात सोलणाऱ्या बायका, शेंगांच्या सालींवर उभी गाईगुरं. सिस्टरांनी दहा किलो शेंगा आणल्या, सोलल्या, दाणे उकळत्या पाण्यातून काढले, गच्चीवर मलमलच्या धोतराखाली वाळवले. जवळच्याच खमरियातल्या एका ओळखीच्या बाईचा मुलगा त्याच सुमाराला इंग्लंडला निघाला होता. त्याच्या सामानात पिशवी गेली. वर चिठ्ठी. 'बदकांसाठी. रात्रभर भिजवून घालणे.'

मी त्यांना थांबवायला हवं होतं. इंग्लंडात मटार मिळत असेल, एवढी अक्कल मला होती. पण खरं सांगतो, त्या सोलत बसल्या होत्या तेव्हा इतक्या आनंदात होत्या की त्यांना थांबवणं माझ्या जिवावर आलं. उलट मीही दोन किलो सोलून दिला.

पिशवी पोचली आणि राहुलचा फोन आला. तो चिडला होता. इथे दुकानात पाहिजे तेवढा मटार मिळतो, ज्याच्या हाती पाठवलं त्याला विमानतळावर पिशवी उघडून दाखवावी लागली, मला किती लाज वाटली. एवढ्यावर तो थांबला असता तर बरं होतं. पण पुढे म्हणाला, "आई, और एक बात. सम्यक को मराठी में मत उलझाओ. घर में हिंदी, स्कूल में इंग्लिश, ऊपर से ये. बच्चा कन्फ्यूज हो रहा है."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेबाराला रेडिओ लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी भिंतीपाशी घुटमळलो, तर म्हणाल्या, "राहू द्या सर. मी गावंढळ बाई. बदकांले जबलपूरचा मटार पाठवते. तो शिकलेला आहे, त्याले माहीत." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मले थोडं इंग्रजी शिकवता का? हाउ आर यू, हाउ इज स्कूल, एवढंच." डोळ्यांत पाणी होतं. तिवारीणबाईंना नळावर गप्प करणारी ही बाई वाक्य घोकत बसलेली मला बघवत नव्हती. पण मी शिकवलं. तीन-चार वाक्यं त्यांनी चांगली तयार केली.

रविवारी मला शेजारी बसवून त्यांनी फोन लावला. सम्यक आला. सिस्टरांनी घोकल्याप्रमाणे विचारलं, हाउ आर यू. तो गुड म्हणाला. हाउ इज स्कूल. गुड. सिस्टर पदर सारखा करत होत्या. मला वाटलं आता बाय येणार. पण पोरगं फोनच्या अगदी जवळ आलं, नुसतं नाक आणि एक डोळा दिसत होता, आणि म्हणालं,

"आजी, काहून इंग्लिश?"

सिस्टर माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यानं पुन्हा विचारलं, "काहून?" आणि मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून, इंग्रजी आणि मराठीची खिचडी करत त्यानं सांगितलं की मटार त्यानं पाण्यात भिजवला, शनिवारी खिशात भरून तळ्यावर नेला, आणि बदकांनी सगळा खाल्ला. सगळा हा शब्द त्यानं मराठीत म्हटला. खाल्ला हाही.

"सगळा?" सिस्टर ओरडल्या. "काळ्या बदकानं पण? का त्याले मिळूच दिला नाई बाकीच्यांनी?"

त्यानंतर राहुलनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काही दिवसांनी त्यानं मला वेगळा फोन करून आई नीट आहे ना, चिडली नाही ना, असं विचारलं. वाईट मुलगा नव्हता तो. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या आईचं हसं होईल याची धास्ती असते, एवढंच.

पुढे ते रोगाचे आणि बंदचे दिवस आले. विमानं थांबली, राहुलचं येणं दोनदा रद्द झालं. दुपारी रेडिओवर तिथल्या आजाऱ्यांचे आकडे यायचे आणि सिस्टर वहीत काही न लिहिता ऐकत बसायच्या. पण सम्यकशी बोलणं आठवड्यातून एकदाचं रोजचं झालं. शाळा बंद, घरात कोंडलेलं पोर, आणि इकडे भांडायला सदैव तयार अशी आजी. दोघांचा प्रत्येक गोष्टीवर वाद. केस कापावे की वाढवावे, मांजर पाळावं की कुत्रा, चंद्रावर शेती होईल का. मी मधे दुभाष्या म्हणून बसायचो, तो हळूहळू बिनकामाचा झालो. एक दिवस सम्यक मला म्हणाला, "सर, तुम्ही जा. आम्ही बोलून राहिलो." मी चहाचा कप घेऊन उठलो.

सिस्टर गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही, आणि राहुल-सम्यक दोघंही येऊन पोचले. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या आदल्या हिवाळ्यातल्या एका दुपारी, ओसरीवर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेल्या.

सम्यक दहा वर्षांचा झाला होता. त्याला शाळेत एकट्यानं पायी जायचं होतं. घर ते शाळा पाऊण मैल, मधे एक मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर पोरांना हात धरून पलीकडे नेणारा जो म्हातारा माणूस पाटी घेऊन उभा असायचा, त्याला पैसे वाचवायला काढून टाकलेलं. सिस्टरांचा सक्त विरोध. आठवडाभर दोघांचं ह्यावर फोनवर जुंपलेलं होतं. आणि बुधवारी रेडिओवर नेमका तोच विषय निघाला. पोरांना कितव्या वर्षी एकटं सोडावं? सिस्टर पोहे खाता खाता म्हणाल्या, "चलो, आता याले समजन." फोन येत होते, आया, बाप, एक बसचालक. मला एव्हाना ती बोली बऱ्यापैकी कळायला लागली होती. आणि रेडिओवरची बाई म्हणाली, आता आपल्याबरोबर आहे सम्यक, वय वर्षं दहा, शेजारी त्याची आई आहे.

सिस्टरांचा चमचा हवेत राहिला.

बाईनं विचारलं, तुला एकट्याला जायचंय, मग अडवतं कोण? सम्यक म्हणाला, माझी आजी. ती कुठे असते? भारतात, जबलपूरला. रेडिओवरची बाई हसली. जबलपूरहून ती तुला कशी अडवते? सम्यक म्हणाला, ती तुमचा हा कार्यक्रम रोज ऐकते, तिला आमचा रस्ता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि मग त्यानं आजीचं म्हणणं मांडलं. नीट, एकेक मुद्दा, न टाळता. पाटीवाला माणूस काढला, सकाळी आठला अंधार असतो, वळणावर गाड्या थांबत नाहीत. सिस्टर प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होत्या. मी भराभर मराठीत सांगत होतो, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

मग तो म्हणाला, "पण माझी आजी आठ वर्षांची असताना एकटी तीन मैल चालत शाळेत जायची. मधे नदी होती. हे तिनंच मला सांगितलंय."

"अगं बाई," सिस्टर पुटपुटल्या. "कायले सांगितलं मी याले!"

रेडिओवरची बाई खळखळून हसत होती. तिनं विचारलं, आजी आत्ता ऐकत असेल का? सम्यक म्हणाला, हो, तिचा नाश्ता चालू असेल. मग तिला काही सांगायचंय? आणि इंग्लंडातल्या त्या गावात, चहा पिणाऱ्या, मोज्यांची जोडी शोधणाऱ्या, गाड्यांत अडकलेल्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात माझ्या शेजारणीचा नातू म्हणाला,

"आजी, तू ऐकून राहिली ना? मी बरोबर बोलून राहिलो. तू नाई."

बाईनं विचारलं, ही कुठली भाषा? तो म्हणाला, मराठी. आजीशी मी हिच्यातच भांडतो.

मी सिस्टरांकडे पाहिलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. अख्ख्या आयुष्यात मी इतक्या पोरांना भाषा शिकवली, पण त्यातल्या एकानंही तिच्यात कुणाशी असं हक्कानं भांडल्याचं मला आठवत नाही. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "सिस्टर, किती छान बोलला पोरगा."

"बोलला," त्या म्हणाल्या. मग शालीनं नाक पुसलं, ताटली बाजूला सारली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "पण चुकून राहिला तो. बंद करा हे आणि फोन लावा त्याले."